तुमच्या आईच्या उजव्या डोळ्याविषयी

गेल्या रविवारी फोनवर तू रडत होतीस. चष्म्याऐवजी लेन्स हवी, वर्गातल्या निम्म्या मुली लावतात, आणि आई ऐकूनच घेत नाही, कारणही सांगत नाही, नुसतं 'नाही' म्हणून खोलीतून उठून जाते, असं म्हणालीस. मागून धाकटीचा आवाज आला, "आजी, तूच सांग तिला." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सांगायचं तिला नाही, तुम्हा दोघींना आहे.

तुमच्या आईच्या उजव्या बुबुळावर जो पांढुरका डाग आहे, तो कबड्डी खेळताना लागल्यामुळे पडला असं ती तुम्हाला सांगत आली आहे. मी समोर बसलेली असतानाही तिनं हेच सांगितलं, आणि मी गप्प राहिले. ते खरं नाही. तो डाग माझ्या हातच्या पाण्यानं पडला. तिनं मला आजवर त्याबद्दल एक शब्दही ऐकवलेला नाही, म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

नव्वदच्या दशकात आम्ही इंदापूर तालुक्यात एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. तुमचे आजोबा कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते आणि मी इंदापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमची आई बारामतीला कॉलेजात होती, तिथंच वसतिगृहात राहायची. शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी यायची आणि सोमवारी सकाळी परत जायची.

तिच्या डोळ्यांना तुझ्यासारखाच नंबर होता, फक्त तुझ्याहून बराच जास्त. बुबुळावरचा काचेसारखा पडदा चेंडूसारखा गोल असायला हवा, तो तिचा लिंबासारखा एका बाजूला ओढलेला. त्यामुळे चष्मा काढला की विजेच्या एका तारेच्या दोन तारा व्हायच्या आणि माणसाच्या कडेला त्याचीच फिकट सावली उभी राहायची. घरात चालून जायचं, पण तिचा जीव कबड्डीत होता. चष्म्याच्या काड्यांना नाडी बांधून ती खेळायची. एकदा कुणाचं कोपर लागलं, काच फुटली आणि भुवईवर तीन टाके पडले.

तिचे कबड्डीचे सर त्यानंतर आमच्या घरी आले. कऱ्हाटीकडचे, शेतकरी घरातले. चहाची बशी हातात घेऊन म्हणाले, "बाई, पोरगी चढाईला गेली की समोरच्यांना घाम फुटतो. पर चष्मा काढला की संपलं. परवा कोपऱ्यातली पोरगी हितं उभी, आन् ही तितं हात मारून आली. वाऱ्याला बाद केलं."

"वारा बादच होता सर," तुमची आई आतून म्हणाली, "पंचांनी दिला नाही."

"बघा. तोंड बी चढाईला जातंय."

मग ते गंभीर झाले. उन्हाळ्यात जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि त्यांच्या मते तिचं नाव नक्की लागणार होतं. "डोळ्यात घालायची काच असती म्हणं. तेवढं बघा बाई. न्हाय तर ही पोरगी वाया जाईल."

बारामतीत डोळ्यांचे एक वयस्क डॉक्टर होते, पुण्याहून लेन्स मागवून देणारे. त्यांनी घाई केली नाही हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी पापण्या उलटून पाहिल्या, डोळ्यात पाणी पुरेसं येतं का ते पाहिलं, बुबुळाचा बाक मोजला. म्हणाले, साधी मऊ लेन्स डोळ्यात कशीही गोल फिरली तरी चालते, पण हिच्या नंबरची लेन्स एकाच जागी थांबायला हवी. म्हणून तिची खालची कड जरा जड असते आणि तिथं एक बारीक रेघ असते. ती रेघ घड्याळातल्या सहाच्या जागी आली पाहिजे. पहिली जोडी आली ती घालून त्यांनी तिला वीस मिनिटं बसवून ठेवलं, मग यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून पाहिलं आणि म्हणाले, "उजव्या डोळ्यात साडेसहा वाजलेत. ही परत जाईल." तीन आठवड्यांनी दुसरी जोडी आली, ती बरोबर बसली. दवाखान्याच्या दारात उभी राहून तुमच्या आईनं समोरच्या बाजूच्या सगळ्या दुकानांच्या पाट्या एकामागून एक वाचल्या. मग नुसतीच उभी राहिली. मी म्हटलं, "चल, एसटी चुकेल." ती म्हणाली, "थांब गं. तार एकच आहे."

निघताना डॉक्टरांनी नियम सांगितले. हात साबणानं धुवायचे आणि कोरडे करायचे. लेन्स रात्री काढायची, घालून झोपायचं नाही. बाटलीतल्या औषधी पाण्यानं तळहातावर चोळायची, त्याच पाण्यानं धुवायची आणि डबीत रोज नवं पाणी घालायचं. नळाचं, विहिरीचं, कुठलंच पाणी लेन्सला किंवा डबीला लागता कामा नये. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं तर लेन्स ताबडतोब काढायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. मी हे सगळं घरी येऊन सुवाच्य अक्षरात कार्डावर लिहिलं. एक कार्ड तिच्या वसतिगृहाच्या कपाटाला, एक आमच्या मोरीच्या भिंतीला.

फेब्रुवारीत ते औषधी पाणी संपलं. बारामतीच्या दुकानात नव्हतं. पुण्याहून येईल, पुढच्या आठवड्यात येईल, असं करत तीन आठवडे गेले. तिचा सराव सुरू झाला होता.

आता मी काय विचार केला तो नीट वाचा, कारण तो मूर्ख बाईचा विचार नव्हता. मी शाळेतर्फे पळसदेव आणि आसपासच्या गावांत जाऊन आयांना साखर-मिठाचं पाणी करायला शिकवत असे. जुलाब होणाऱ्या मुलांसाठी. पाणी वीस मिनिटं उकळायचं, झाकून गार करायचं, मीठ मोजून घालायचं. त्या पाण्यावर तरलेली मुलं मी पाहिली होती. बाटलीच्या पत्रकावर इंग्रजीत लिहिलेलं मी वाचलं, त्यात मिठाचं प्रमाण होतं. मला वाटलं, हे तर तेच आहे, फक्त साखर नाही. डॉक्टरांनी नळाचं पाणी नको म्हटलं होतं, आणि माझं पाणी नळाचं उरलं नव्हतं.

तुमच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "लिटरला नऊ ग्रॅम. आपल्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन होतं." त्यांनी प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ आणलं आणि नऊ-नऊ ग्रॅमच्या पुड्या बांधल्या, औषधाच्या दुकानात बांधतात तशा, प्रत्येकीवर पेन्सिलीनं बरोबरची खूण. कुठल्याही दुसऱ्या घरात हे झालं नसतं. दुसऱ्या कुणाला ते करताच आलं नसतं.

दर रविवारी मी पाणी उकळून, गार करून, तीच रिकामी बाटली नळाखाली विसळून तिच्यात भरायचे. डबीही विसळायचे. सोमवारी ती बाटली घेऊन बारामतीला जायची. मुलीला काही त्रास झाला नाही. मार्चमध्ये दुकानात औषधी पाणी आलं, तेव्हा मी ते घेतलं नाही. आमचं चांगलं चाललं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात निवडीचं शिबिर लागलं. शुक्रवारी तिचा उजवा डोळा लाल झाला. तिनं एक दिवस लेन्स काढून ठेवली आणि शनिवारी सकाळी परत घातली, कारण निवडीचे सामने त्याच दिवशी होते. तीन सामने खेळली. संध्याकाळी घरी आली ती डोळ्यावर रुमाल धरून. कार्ड माझ्या समोर भिंतीवर होतं. मी म्हटलं, "मैदानातली धूळ गेली असेल," आणि तिला मोरीपाशी बसवून तिचा डोळा धुतला. त्याच बाटलीतल्या पाण्यानं.

दोन दिवसांत तिला उजेड सोसेना. आम्ही खिडक्यांना सतरंज्या लावल्या. डोळा दिसायला जेवढा लाल होता त्याच्या कितीतरी पट दुखत होता. जी मुलगी टाके घालताना पंचांना शिव्या घालत होती, ती भिंतीवर डोकं टेकून हळूहळू आपटत राहायची. मी हात मध्ये घालायचे, ती माझ्या हातावर आपटायची.

बारामतीच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं. बुबुळावर फांदीसारखी जखम दिसत होती. त्यांनी विचारलं, "लेन्स घालून पोहली का कुठं? नळाच्या पाण्यानं धुतली?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं नियमानं केलं आहे."

तुमच्या आईनं चांगला डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत होते का? त्या क्षणी मला तसं वाटलं नाही, आणि तरी मला ते पाहणं चुकवावंसं वाटलं. डॉक्टरांना ती विषाणूची जखम वाटली, तशीच दिसत होती, आणि त्यांनी त्यावरचं औषध दिलं. अकरा दिवस आम्ही ते घातलं. अकराव्या दिवशी बुबुळावर पांढरं कडं उमटलं, अंगठीसारखं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "पुण्याला न्या. आजच."

जाण्याआधी मी काय केलं? तिची डबी घासली, उकळली, पुसली. बाटली रिकामी करून उलटी ठेवली आणि वाळल्यावर पिशवीत घातली. मोठ्या दवाखान्यात नेताना वस्तू स्वच्छ असाव्यात म्हणून.

पुण्याच्या डॉक्टर तिशीतल्या होत्या, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीसारख्या. त्यांनी डबी मागितली आणि उघडून पाहिली.

"ही धुतली कुणी?"

"मी."

"पाणी ठेवलं असतंत तर तपासता आलं असतं."

नंतर त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. डोळ्याची सूज फार होती आणि ती उतरवायला एक जोरकस औषध देता येतं. जखम विषाणूची असेल तर त्याचा काही उपयोग होईल. पण पाण्यात राहणारा एक सूक्ष्म जीव असतो, तो जर बुबुळात शिरला असेल, तर तेच औषध त्याला मोकळं रान देईल आणि डोळा जाईल. "म्हणून मला नक्की कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. त्यांनी बाटली उचलून तिच्यावरची छापील तारीख पाहिली. ती केव्हाच उलटून गेली होती. बाटली टेबलावर ठेवून त्या तुमच्या आईकडे वळल्या. "तू सांग. लेन्सला कुठलं पाणी लागलं?"

तुमची आई डोळ्यावर पट्टी बांधून स्टुलावर बसली होती. म्हणाली, "मीच कधीतरी धुतली असेल, नळाखाली. वसतिगृहात. आठवत नाही."

तिनं कधीच धुतली नव्हती. एवढं बोलायला तिला किती वेदना होत होत्या ते तिच्या जबड्यावरून दिसत होतं.

मी तेव्हा बोलले, आणि इंग्रजीत बोलले. मराठीत ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. इंग्रजीत मी ते दुसऱ्या कुणाचं प्रकरण असल्यासारखं, क्रमानं सांगू शकले: फेब्रुवारीपासून, दर रविवारी, उकळलेलं पाणी, लिटरला नऊ ग्रॅम, बाटली नळाखाली विसळलेली, डबी नळाखाली विसळलेली, आणि शेवटी तिचा डोळाही त्यानंच धुतलेला. अकरा दिवसांपूर्वी हे विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, हेही सांगितलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं. मराठीत, सावकाश म्हणाल्या, "उकळलं तेव्हा ते चांगलंच होतं, आई. पण आठवडाभर बाटलीत राहिलं, आणि त्या बाटलीला, डबीला नळाचं पाणी लागलेलं. मिठानं डोळ्याला झोंबत नाही, एवढंच. मीठ कशाला मारत नाही. बाटलीतलं औषध मारतं."

त्याच दुपारी त्यांनी बुबुळ खरवडून नमुना घेतला. त्यात तोच जीव निघाला.

तुमचे आजोबा बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना सांगितलं. समोरच्या भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "वजन बरोबर होतं ना गं?"

"बरोबर होतं."

"नऊच ग्रॅम होतं."

"हो."

"मग मी काय चुकलो ते मला सांग."

ते ज्यात पारंगत होते, त्यात ते खरोखरच चुकले नव्हते.

त्यानंतर पुण्यात दवाखान्याजवळ एक खोली घेऊन आम्ही मायलेकी तीन महिने राहिलो. थेंब दवाखान्यातच तयार करून मिळायचे. पोहण्याचे तलाव निर्जंतुक करायला वापरतात त्याच जातीचं औषध, फार पातळ केलेलं. ते दर तासाला डोळ्यात घालायचं, रात्रंदिवस, आणि प्रत्येक थेंबाला ती उशी दातात धरायची. मी वहीत वेळ लिहायचे. एकदा ती म्हणाली, "आई, वहीत बघू नकोस. माझ्याकडे बघ." मी बघितलं. पांढरं कडं तसंच होतं. मी परत वहीत बघायला लागले, कारण वहीत निदान काहीतरी पूर्ण होत होतं.

मी देवाशी बोलणारी बाई नव्हते, तरी त्या दिवसांत बोलले. माझा एक डोळा काढून घे, असं काही मी म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की जे झालं ते मी केलं आहे हे तुला ठाऊक आहे, तर हिशेब चुकीच्या पत्त्यावर का गेला. तेवढ्यात तासाचा थेंब घालायची वेळ व्हायची.

जूनमध्ये तिचे सर आले. दारातच थांबले, खोली अंधारी होती म्हणून. हातात कागद होता. "नाव लागलंय पोरी," ते म्हणाले. "त्या शनिवारच्या तीन सामन्यांवर लागलंय. म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी आपण सांगावं."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माझ्या जागी कोण जातंय?"

सरांनी इंदापूरच्या एका मुलीचं नाव सांगितलं.

"तिला म्हणावं डाव्या कोपऱ्यातून शिरू नको. तिथं ती पाय उशिरा काढते."

"सांगतो."

"नक्की सांगा सर. ती ऐकत नाही."

"तू तरी कुठं ऐकत होतीस," सर म्हणाले, आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "बाई, लेन्सचं डोक्यात मीच घातलं." मी म्हटलं, "नाही सर. लेन्सची चूक नव्हती." ते ऐकायला तयार नव्हते. मी, सर आणि तुमची आई, आम्ही तिघंही तो दोष एकमेकांकडून ओढून घेत होतो आणि दुखत तिलाच होतं.

तुला एवढं सांगते, आणि तुझ्या आईलाही हे वाचून दाखव. लेन्स वाईट नसते. त्या वयस्क डॉक्टरांनी सांगितलेला एकेक शब्द मी पाळला असता तर ती कदाचित आजही दोन डोळ्यांनी वाचत असती. आता तुझ्या नंबरच्याही रोज घालून फेकून द्यायच्या लेन्स मिळतात म्हणतात, त्यांना डबी लागत नाही, बाटली लागत नाही. घ्यायची तर तशी घे. यंत्रातून नीट पाहणाऱ्याकडून घे, दुकानातल्या काउंटरवरून नको. लेन्स घालून अंघोळ नको, पोहणं नको, झोप नको. डोळा लाल झाला तर त्या दिवशी सामना असो, परीक्षा असो, लेन्स काढ आणि दवाखाना गाठ. आणि तिथं कुणी विचारलं की काय केलंस, तर जे केलंस ते सांग. आपल्याला ते चूक वाटत नसलं तरी सांग. मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर अकरा दिवस वाचले असते. त्या अकरा दिवसांत तो जीव किती आत गेला, ते डॉक्टरांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

डोळा राहिला. पडदा बदलावा का, असा विचार झाला, पण इतकं आत मुरलेलं परत उसळू शकतं म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. पुढं तुमची आईच नको म्हणाली.

दिवाळीनंतर शेवटची मोठी तपासणी होती. डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. तिला तक्ता कुठं आहे तेही कळेना. त्यांनी हाताची बोटं धरली. फार जवळ आणल्यावर तिला ती मोजता आली, तीन, मग दोन. मी दाराशी उभी होते. काय करावं न सुचून पिशवीतल्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावत होते.

"दाराकडे बघ," डॉक्टर म्हणाल्या. "काय दिसतं?"

तिनं मान वळवली. माझे हात चिठ्ठ्यांवर चालूच होते.

"आई आहे," ती म्हणाली. "चेहरा नाही दिसत. पण काहीतरी आवरतेय, म्हणजे तीच."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.